संगणक सुरू होताना थांबला तर
(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शाळेत संगणक येतो तो बहुधा गावाच्या वर्गणीतून, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून किंवा शासनाच्या योजनेतून. तो येतो त्या दिवशी नारळ फुटतो, यंत्राला हार घातला जातो आणि मुले खिडकीशी दाटी करतात. पुढे काही महिन्यांनी एका सकाळी कळ दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन इंग्रजी ओळी उमटतात आणि यंत्र तेथेच थांबते. कोणी ते दोनदा बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी पेटीवर थाप मारून पाहतो. आणि मग ‘संगणक बिघडला’ असा शेरा बसून त्यावर कापड पडते. तालुक्याहून दुरुस्ती करणारा मनुष्य येईपर्यंत कधी महिना जातो, कधी एक सत्र उलटते.

या अवधीत हानी कोणाची होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या मुलाच्या घरी फार तर एक मोबाइल आहे, त्याला कीबोर्डावर बोटे ठेवण्याची जागा शाळा हीच असते. त्याचे सातवीचे वर्ष पुन्हा येत नाही. शिवाय पुष्कळ शाळांत निकालपत्रके, विद्यार्थ्यांची माहिती आणि पत्रव्यवहार त्याच पेटीत साठवलेला असतो. घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत तो कायमचा पुसला जाण्याचा संभव असतो. आणि इतके होऊन मूळ दोष पाहावा तर तो कित्येकदा एखाद्या विसरलेल्या पेन ड्राइव्हाचा किंवा रुपयाच्या नाण्याहून थोड्या कमी आकाराच्या एका सेलचा निघतो. म्हणून, संगणक सुरू होताना जे दोषसंदेश दिसतात ते कसे वाचावेत, त्यांपैकी कोणते शाळेतच निवारता येतात आणि कोठे हात आवरावा, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

चुकीचे वाचन हा शिक्षकाचा रोजचाच व्यवसाय

संगणकाचे शास्त्र अवघड आहे हे खरे. तथापि दोषसंदेश वाचण्यास जी दृष्टी लागते ती प्राथमिक शिक्षकाजवळ आधीच असते. तिसरीतील मुलाने ५२ मधून ३७ वजा करून २५ उत्तर काढले, तर अनुभवी शिक्षक ‘चूक’ एवढे म्हणून पाटी परत देत नाही. २५ हा आकडा पाहताच तो जाणतो की मुलाने सातातून दोन वजा केले. म्हणजे एककाच्या घरात लहान अंकातून मोठा अंक वजा होत नाही तेव्हा दशक मोडावा लागतो, ही एक पायरी मुलाच्या हातून निसटली. दशकांची वजाबाकी त्याने बरोबर केली आहे, पाढे त्याला येतात, आकडे तो नीट मांडतो. चूक एकाच पायरीत आहे आणि ती कोणत्या, हे चुकीच्या उत्तरानेच सांगितले.

संगणकाचा दोषसंदेशही याच जातीचा आहे. यंत्र निकामी झाल्याचा तो निकाल नसून, यंत्र कोणत्या पायरीवर अडले याचे निवेदन आहे. एवढेच नव्हे, तर पडद्यावर संदेश उमटला याचाच अर्थ त्याआधीच्या पुष्कळ पायऱ्या निर्विघ्न पार पडल्या: वीज पोहोचली, मुख्य भाग जागा झाला, पडदा जोडलेला आहे आणि लिहिण्याइतकी शुद्ध यंत्राला आहे. म्हणून संदेश पाहून घाबरण्याऐवजी तो कोणत्या पायरीचा आहे हे प्रथम विचारावे. त्यासाठी त्या पायऱ्या ठाऊक असल्या पाहिजेत.

संगणक जागा होण्याचा क्रम

संगणक सुरू होण्याच्या क्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाचा एक जुना वाक्प्रचार इंग्रजीत आहे. त्यावरून हा शब्द आला. त्यातील अडचण खरी आहे. संगणकाला चालवणारी आज्ञावली डिस्कवर असते. परंतु डिस्क वाचण्यासाठीसुद्धा काहीतरी आज्ञावली आधी चालू असावी लागते. हा पेच सोडवण्यासाठी मदरबोर्डावरील एका चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायमची भरून ठेवतात. तिला ‘बायॉस’ म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत तिच्या जागी ‘यूईएफआय’ नावाची नवी व्यवस्था असते. नाव बदलले तरी कामाचा क्रम स्थूलमानाने तोच आहे.

शाळा भरण्याचा क्रम डोळ्यांपुढे आणला तर हा क्रम सहज लक्षात राहील. प्रथम कुलूप उघडते, मग घंटा होते, परिपाठ होतो, हजेरी घेतली जाते आणि नंतर पाठ सुरू होतो. संगणकातही पाच पायऱ्या मानाव्यात.

१. वीज: पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा सौम्य दाबात रूपांतर करतो.

२. आत्मपरीक्षण: बायॉस स्मृती, पडद्याचा भाग, कीबोर्ड इत्यादींची तपासणी करते.

३. घड्याळ व नोंदी: दिनांक, वेळ आणि शाळेच्या यंत्रापुरत्या ठरवलेल्या गोष्टी वाचल्या जातात.

४. डिस्कचा शोध: मुख्य आज्ञावली कोठे आहे हे ठरलेल्या अनुक्रमाने शोधले जाते.

५. मुख्य आज्ञावली: विंडोज किंवा लिनक्स जागी होते आणि परिचयाचा पडदा दिसतो.

घंटाच झाली नाही तर सातवीचा भूगोलाचा पाठ का झाला नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्या पायरीवर थांबलेल्या संगणकात विंडोज पुन्हा भरण्याने काहीएक साधत नाही. पायरी ओळखली की निम्मे काम झाले.

आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून हे आत्मपरीक्षण घरोघरच्या संगणकात रूढ झाले. त्या यंत्रात संदेश आकड्यांत येत: २०१ म्हणजे स्मृतीचा दोष, ३०१ म्हणजे कीबोर्डाचा. आज शब्दांत संदेश येतात. तेवढी शिक्षकाची सोयच झाली आहे.

प्रथम लिहा, मग हात लावा

पहिला नियम असा की संदेश दिसल्यावर कोणतीही कळ दाबण्यापूर्वी तो अक्षरशः उतरवून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. यंत्र बंद केले की संदेश जातो. पुन्हा सुरू केल्यावर तोच येईल असे नाही. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ एवढ्यावर दुरुस्ती करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. याउलट दूरध्वनीवरून संदेशाचे नेमके शब्द सांगितले तर कोणता भाग बरोबर आणावयाचा हे त्याला तालुक्यातच कळते, आणि शाळेची एक खेप व तिचा खर्च वाचतो. कित्येकदा तर तो दूरध्वनीवरच उपाय सांगू शकतो.

लेखी नोंदीची ही परंपरा जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या खोलीएवढ्या गणकयंत्रात दोष उत्पन्न झाला. शोध घेता एका विद्युतकळीत पतंग अडकून मेलेला आढळला. तेथील मंडळींनी तो पतंग फेकून न देता नोंदवहीच्या त्या दिवसाच्या पानावर चिकटवला आणि शेजारी वेळ व जागा लिहून ठेवली. यंत्रातील दोषाला कीटकवाचक ‘बग’ हा शब्द त्यापूर्वीही वापरीत. म्हणून खराखुरा कीटक सापडल्याचा विनोद त्यांनी त्या नोंदीत केला. ग्रेस हॉपर या विदुषींनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली. ते पान आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. शाळेतील संगणकाजवळही अशी एक साधी वही असावी. तीत दिनांक, संदेशाचे शब्द, त्याआधी काय घडले होते, काय केले आणि काय झाले, असे पाच रकाने पुरेत. तिसरा रकाना विशेष महत्त्वाचा. काल वीज अचानक गेली होती काय, टेबल हलवले होते काय, कोणी नवीन वस्तू जोडली होती काय, या तीन प्रश्नांत पुष्कळ दोषांचे उत्तर दडलेले असते.

पायरीनुसार संदेश व उपाय

पहिल्या पायरीवर संदेश नसतो, शांतता असते. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. अशा वेळी भिंतीवरील खटका, यू.पी.एस., वायरचे दोन्ही टोकांचे बसणे आणि पेटीच्या मागील छोटा खटका, हे याच क्रमाने पाहावे. झाडताना वायर ओढली जाणे ही शाळांतील नित्याची गोष्ट होय.

येथे एका फसव्या संदेशाचा उल्लेख केला पाहिजे. ‘नो सिग्नल’ हे शब्द संगणक लिहीत नाही, ते मॉनिटर लिहितो. पेटीकडून चित्र येत नाही, एवढीच तक्रार तो करतो. पेटीचा पंखा फिरत असेल तर दोघांमधील वायर दोन्ही टोकांस घट्ट बसवावी. पेटीला पडद्यासाठी दोन जागा असल्यास वायर चुकीच्या जागी लागली नाही ना, हेही पाहावे.

दुसऱ्या पायरीवर पडदा कोराच असेल तर काही यंत्रे आवाजाने बोलतात. पेटीतील छोटा भोंगा एक लांब, दोन आखूड अशा रीतीने वाजतो. एक लांब व दोन आखूड हा इशारा पुष्कळ जुन्या यंत्रांत पडद्याच्या भागाविषयी असे. तथापि प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक भाषा वेगळी असल्याने आवाज मोजून वहीत लिहावेत आणि मदरबोर्डाच्या नावासह दुरुस्ती करणाऱ्यास कळवावेत. स्मृतीची पट्टी, जिला रॅम म्हणतात, ती धुळीमुळे किंवा यंत्र हलवल्यामुळे सैल होणे हे याचे एक वारंवार आढळणारे कारण आहे. ज्याने ती बसवताना पाहिलेली आहे अशा शिक्षकाने वायर काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवून, पट्टी काढावी व कडेच्या खिट्ट्या लागेपर्यंत सरळ दाबून बसवावी. ज्याने पाहिले नसेल त्याने पहिल्या खेपेस जाणकाराकडून शिकून घ्यावे.

याच पायरीवर ‘कीबोर्ड एरर’ असा संदेश येतो. कीबोर्ड सापडत नाही असे सांगून पुढे जाण्यासाठी त्याच कीबोर्डावरील एफ १ कळ दाबा असे सुचवणारी यंत्रे होऊन गेली आहेत. त्या विसंगतीवर जाणकार आजही हसतात. उपाय मात्र सोपा आहे. वायर काढून पुन्हा लावावी, दुसऱ्या जागी लावून पाहावी, आणि एखादी कळ खाली अडकून राहिली नाही ना किंवा कीबोर्डावर वही ठेवलेली नाही ना, हे पाहावे. ‘सीपीयू फॅन एरर’ हा संदेश मात्र एफ १ दाबून रोज ओलांडू नये. मुख्य चिप थंड ठेवणारा पंखा थांबला किंवा मंदावला, असे तो सांगतो. बहुतेक वेळा धूळच कारण असते. वायर काढून ती मऊ कुंचल्याने झाडावी, आणि तरीही पंखा न फिरल्यास तो बदलून घ्यावा.

घड्याळाचा सेल

तिसऱ्या पायरीचा दोष शाळांत फार आढळतो आणि फार चुकीचा समजला जातो. म्हणून त्याचा थोडा विस्तार केला पाहिजे. १९८४ साली आय.बी.एम.ने आणलेल्या ‘एटी’ या संगणकापासून, यंत्र बंद असतानाही घड्याळ चालावे म्हणून आत एक बॅटरी ठेवण्याची प्रथा पडली. आज तिच्या जागी मदरबोर्डावर नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. त्याचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट असतो. यंत्राला बाहेरून वीज मिळत असते तोवर या सेलवर फारसा भार नसतो. परंतु खेड्यातील शाळेत संध्याकाळी मुख्य खटका बंद करण्याची योग्य शिस्त असते, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तर कित्येक आठवडे वीज बंद राहते. तो सर्व काळ घड्याळ या एकट्या सेलवर चालते. सुटीनंतर पहिल्याच दिवशी संगणक अडून बसतो, त्याचे एक कारण हे आहे.

सेल संपला की ‘सीमॉस बॅटरी लो’, ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असे संदेश येतात. यातील ‘सीमॉस’ म्हणजे नोंदी ठेवण्याची ती छोटी जागा. पुष्कळदा एफ १ दाबल्यावर यंत्र पुढे जाते आणि दोष मिटला असे वाटते. पण दिनांक काही वर्षे मागे गेलेला असतो आणि खरी अडचण पुढेच उभी राहते. शिक्षक यू-डायस प्लसची माहिती भरण्यास बसतात, तो संकेतस्थळ उघडत नाही. जोडणी सुरक्षित नाही असा इशारा येतो. इंटरनेट बंद आहे अशी समजूत होते, मोबाइल कंपनीला दोष दिला जातो. वस्तुतः प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत अशी मुदत असते. ज्या संगणकाच्या मते आजचे साल कित्येक वर्षांपूर्वीचे आहे, त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले दिसत नाही. म्हणून तो दार बंद करतो. पुढच्या महिन्याच्या पासावर आज प्रवास करू पाहणाऱ्यास वाहकाने अडवावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून संकेतस्थळ उघडत नसेल तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील दिनांक पाहावा.

सेल बदलण्यापूर्वी, यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ २ यांपैकी जी कळ पडद्यावर सुचवली असेल ती दाबून नोंदींचे पडदे उघडावेत आणि त्यांची छायाचित्रे घ्यावीत. जुन्या नोंदी पुसल्या गेल्यास त्यांवरून पुन्हा भरता येतात. विशेषतः डिस्क कोणत्या पद्धतीने वाचावी ही नोंद बदलली तर चांगली असलेली विंडोजही निळा पडदा दाखवून थांबते. नंतर यंत्र बंद करून वायर काढावी, कडेची खिट्टी हलवून जुना सेल काढावा, अधिक चिन्हाची बाजू जुन्याप्रमाणेच ठेवून नवा बसवावा, आणि दिनांक व वेळ भरावी. घड्याळाच्या दुकानातही हा सेल थोड्या पैशांत मिळतो. जुना सेल मात्र टेबलावर किंवा खिडकीत ठेवू नये. लहान मुलाने असा सेल गिळल्यास दोन तासांच्या आतही अन्ननलिकेस गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तो चिकटपट्टी गुंडाळून कुलपात ठेवावा व नंतर योग्य ठिकाणी द्यावा. आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

डिस्क सापडत नाही तेव्हा

चौथ्या पायरीचे संदेश दिसण्यात सर्वांत भयंकर असतात. ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’, ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ आणि जुन्या यंत्रांत ‘डिस्क बूट फेल्युअर’ किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असे ते असतात. शब्द निरनिराळे असले तरी पहिल्या चारांचा मथितार्थ एकच: पाहिले तेथे मुख्य आज्ञावली मिळाली नाही. शेवटच्या संदेशाचा अर्थ, डिस्क मिळाली पण विंडोजला जागे करणारी फाइल मिळाली नाही, असा होतो.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम पेटीला लावलेले पेन ड्राइव्ह काढावेत व सीडीच्या कप्प्यात काही राहिले असल्यास तेही काढावे. कारण काही यंत्रे आधी तेथे शोधतात आणि रिकाम्या हाताने परततात. मग यंत्र पुन्हा सुरू करावे. तेवढ्याने न भागल्यास नोंदींच्या पडद्यात डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत असून अनुक्रमात खाली गेले असेल तर ते वर आणावे. सेल संपल्याने हा अनुक्रम बदलू शकतो. नावच दिसत नसेल तर वायर काढून डिस्कच्या दोन्ही जोडण्या घट्ट बसवाव्यात.

दोन चिन्हे मात्र अशी आहेत की त्यांपुढे प्रयोग थांबवावेत. एक, डिस्कमधून टक् टक् असा आवाज येणे. दुसरे, ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ असा संदेश. यात डिस्क स्वतःच आपला अंत जवळ आल्याचे कळवते. दुसऱ्या प्रसंगी यंत्र चालत असेल तोवर सर्वप्रथम शाळेच्या कागदपत्रांची प्रत काढून घ्यावी. पहिल्या प्रसंगी यंत्र वारंवार सुरू करून पाहू नये; प्रत्येक खेपेस उरलेली माहितीही नष्ट होण्याचा धोका वाढतो.

विंडोज अडते तेव्हा

पाचव्या पायरीवर बहुतेक दोष भारनियमनाचे अपत्य असतात. यंत्र लिहीत असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेली नोंद मागे राहते. पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासू लागते आणि टक्केवारी दाखवते. ही तपासणी कधी तासभरही चालते. कंटाळून यंत्र बंद करणे म्हणजे पुन्हा तोच अपघात ओढवून घेणे होय. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ असा पडदा आल्यास त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ हा उपाय एकदा करून पाहण्यास हरकत नाही. परंतु त्याच यादीत ‘रिसेट धिस पीसी’ हाही पर्याय असतो. त्यातील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सर्व पुसून टाका; आणि ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी नंतर बसवलेल्या आज्ञावली जातात. या शब्दांवर, तसेच ‘फॉरमॅट’ या शब्दावर, प्रत हाती असल्याशिवाय होकार देऊ नये.

निळा पडदा, जो विंडोज ११ च्या २०२५ सालच्या सुधारणेपासून काळा झाला आहे, तो दिसल्यास तळाशी मोठ्या अक्षरांत असलेले दोषाचे नाव उतरवून घ्यावे. एकदाच आला तर नोंद करून पुढे जावे. वरचेवर आला तर ती नोंदच दुरुस्तीचा आधार ठरते. मात्र ज्या संदेशात दूरध्वनी क्रमांक देऊन ‘ताबडतोब फोन करा’ असे सांगितलेले असते, तो फसवणुकीचा समजावा. विंडोजच्या खऱ्या दोषसंदेशात दूरध्वनी क्रमांक नसतो.

यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचे महत्त्व

हे सर्व तज्ज्ञांचे काम, शिक्षकाचे नव्हे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. त्यांनी १९ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या कंपनीने त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष सुधारणा जगभर पाठवली. सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. सुरू होत, पडत आणि पुन्हा सुरू होत राहिले. विमाने खोळंबली आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. कंपनीने ती सुधारणा ७८ मिनिटांत मागे घेतली. उपायही लवकरच कळला: यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून एक विशिष्ट फाइल पुसावयाची. पण जे यंत्र जागेच होत नाही त्याला दुरून सूचना पोहोचणार कशी? पुष्कळ ठिकाणी प्रत्येक यंत्रापुढे कोणीतरी माणूस उभा राहून, पडदा वाचून, सांगितलेल्या कळा दाबाव्या लागल्या. जगातील मोठमोठ्या कंपन्यांची जी गत, तीच वाडीवरच्या शाळेची. ज्ञान कोठेही असले तरी यंत्रासमोर वाचणारे डोळे लागतात.

तेव्हा शिक्षकाची मर्यादा व अधिकार दोन्ही स्पष्ट आहेत. वीजपुरवठ्याचा डबा त्याने कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार काही काळ राहतो. माहिती पुसणाऱ्या प्रश्नास होकार देऊ नये. परंतु वाचणे, लिहिणे, वायर बसवणे, पेन ड्राइव्ह काढणे, दिनांक पाहणे, सेल बदलणे आणि प्रत ठेवणे, ही कामे त्याच्या आवाक्यातील आहेत. आणि ती मुलांच्या देखत करावीत. सहावी-सातवीतील दोन मुलांकडे दोषनोंदवही सोपवावी. इंग्रजी संदेश अक्षर न अक्षर उतरवणे हा इंग्रजीचा पाठच आहे. कारणांची यादी करून एकेक खोडत जाणे हा विज्ञानाचा. मोठ्या माणसांचे यंत्रही अडते, आणि ते शांतपणे वाचून सोडवता येते, हे मुलाने एकदा पाहिले म्हणजे स्वतःच्या पाटीवरील चुकीकडेही ते वेगळ्या नजरेने पाहू लागेल.

शेवटी, पुढील पाच ओळी जाड कागदावर लिहून संगणकाशेजारी लावाव्यात:

१. संदेश उतरवून घ्या.
२. कोणत्या पायरीवर थांबला ते ठरवा.
३. पेन ड्राइव्ह काढा, वायरी पाहा, दिनांक पाहा.
४. पुसण्याच्या प्रश्नास ‘नाही’ म्हणा.
५. शाळेच्या कागदपत्रांची प्रत दर शनिवारी दुसऱ्या जागी ठेवा.

यांपैकी पाचवी ओळ संगणक चांगला चालत असतानाच पाळावयाची आहे. ज्या शाळेत संगणकावर आज कापड पडलेले असेल, तेथे उद्या ते काढावे, यंत्र सुरू करावे आणि पडद्यावर काय लिहिले आहे ते वहीत उतरवून घ्यावे.